दोनशे बारा सुटी पानं

बाइंडरचं म्हणणं असं, की टेबलावर उघडं ठेवलेलं पुस्तक आपोआप मिटत असेल तर ते पुस्तक नव्हे, उंदराचा सापळा. शिवण नीट घातली तर पुस्तक सपाट पडतं आणि वाचणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. वाचनालयाच्या तळघरात अडतीस वर्षं त्याने हेच केलं. फाटकी पुस्तकं वरून टोपलीत यायची. तो जुना पुठ्ठा सोलायचा, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचा, फाटलेल्या कडांना पातळ कागदाचं ठिगळ लावायचा, दाभणाने भोकं पाडून दोरा ओवायचा, खळ लावून पुस्तक प्रेसखाली दाबायचा आणि दुसऱ्या दिवशी कापड चढवून वर पाठवायचा. दिवसाला चार पुस्तकं. पाचवं कधी केलं नाही. पाचवं करणाऱ्याची पहिली चार कच्ची असतात, असं त्याचं मत होतं.

मतं त्याच्याकडे पुष्कळ होती. बाकीचे बाइंडर फर्मे जुळवताना पानाच्या तळाचा आकडा बघतात. हा मजकूरही वाचायचा. जाड, जुन्या, तीन-तीन पिढ्यांच्या कादंबऱ्या त्याला प्रिय. आधी दोनशे पानं कंटाळा सोसायचा, मग पुस्तक आपल्याला आत घेतं. पहिल्या पानावर आत घेणारं पुस्तक शेवटच्या पानावर हात धरून बाहेर काढतं आणि दार लावून घेतं, असं तो म्हणायचा.

हे शेवटचं वाक्य दादासाठी असायचं. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, नळाची कामं करणारा. निम्म्या गावातल्या भिंतींत त्याचे पाइप होते. दादा फक्त रहस्यकथा वाचायचा. खून पहिल्या दहा पानांत पडला नाही तर पुस्तक परत.

"गळती जिथं दिसते तिथं नसते, बारक्या," तो सांगायचा. बारक्या म्हणजे बाइंडर. चाळिशी उलटली तरी दादाच्या तोंडी तेच. "पाणी भिंतीतून चालत येतं आणि सोयीच्या जागी टपकतं. खुनीही तसाच. जिथं ओल दिसते तिथं फोडणारा नळवाला कच्चा."

दर रविवारी सकाळी दादाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघांची देवाणघेवाण चालायची. याने त्याला एक पुस्तक द्यायचं, त्याने याला एक. दिलेलं वाचायचंच. शेवट फोडायचा नाही. आणि मत द्यायचं ते खरं, तोंडदेखलं नाही. हा तिसरा नियम बाइंडरचा.

"काय रे, तीनशे पानं झाली, ती बाई अजून पत्र उघडेना," दादा कुरकुरायचा.

"उघडेल."

"मी असतो तर पहिल्या पानावर उघडलं असतं."

"म्हणून तुझ्यावर कुणी कादंबरी लिहिली नाही."

वहिनी गॅसपाशी उभ्या राहून हसायच्या. "तुम्ही दोघं भांडता की वाचता?" त्या विचारायच्या.

"वाचतो म्हणून भांडतो," दादा म्हणायचा. "नाही तर आमच्यात भांडायला आहे काय!"

बाइंडरने एक पद्धत पाडली होती. कटिंग मशीनखालून उरलेल्या पट्ट्या वाया जाऊ नयेत म्हणून तो प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवायचा. वाचणाऱ्याने त्यावर एका ओळीत मत लिहायचं आणि खाली सुचवायचं, हे आवडलं असेल तर पुढे काय वाचावं. आधी कुणी लिहीना. मग दादाने सुरुवात केली. खाली सही, 'नळवाला'. एका पुस्तकामागे त्याने लिहिलं, 'जोड पक्का. एक थेंब गळत नाही.' दुसऱ्यामागे, 'शेवटच्या पन्नास पानांत पाणी फार.' लोक पुस्तक उलटं धरून आधी नळवाल्याचं मत बघायला लागले. त्याने नावाजलेलं पुस्तक महिनोन् महिने कपाटात परत येत नसे. काउंटरवर बसणाऱ्या बाई म्हणायच्या, "ग्रंथपालाचं कुणी ऐकत नाही, पण नळवाल्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

बाइंडरचा मान वेगळ्या कारणासाठी होता. रहस्यकथेला तो हलकं समजायचा, पण ती हाताखालून गेली की चाळिसाव्या पानाला खुन्याचं नाव ओळखायचा. नाव चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून काउंटरवाल्या बाईंच्या खणात ठेवायचा. बाई पुस्तक वाचून संपवायच्या आणि मग पाकीट फोडायच्या. एकतीस पाकिटं, एकतीस बरोबर.

"तुम्ही पोलिसात जायला हवं होतं हो," बाई म्हणायच्या.

"पोलिसांना सुई धरता येत नाही," बाइंडर म्हणायचा. वरकरणी बेफिकीर. आतून मात्र त्याला हे फार आवडायचं.

दादा चौपन्न वर्षांचा असताना त्याने स्वतःची कादंबरी लिहून संपवली. चार वर्षं लागली. कागद बाइंडरनेच पुरवले होते. चांगला जाड, एका मापाने कापलेला. कशाला हवा, हे त्याने विचारलं नव्हतं आणि दादाने सांगितलं नव्हतं. कागदाच्या एकाच बाजूला, निळ्या शाईत, दोनशे बारा पानं. एका शनिवारी दादा तळघरात आला. हातातल्या पिशवीत पान्ह्यांशेजारी तो गठ्ठा होता.

"वाच," तो म्हणाला. "आणि बांधून दे."

"तू लिहिलीस?"

"नाही, पाइपातून आली. वाच म्हटलं ना."

बाइंडरने दोन दिवस रजा काढली. गोष्ट होती एका मोठ्या इमारतीची. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत इमारतीचा हिशेबनीस मेलेला सापडतो. सगळे म्हणतात पाय घसरला. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस म्हणतो, टाकीचा व्हॉल्व्ह बाहेरून कुणीतरी बांधून ठेवलेला होता. बाइंडर टेबलाशी बसला आणि टोकदार पेन्सिल घेतली. जे काम तो करायचा ते पुरतं करायचा. चूक दिसली की समासात खूण, आणि वेगळ्या कागदावर तिची नोंद. पान चौतीसवर खोलीची खिडकी उत्तरेला. पान सत्त्याऐंशीवर त्याच खिडकीतून सकाळचं ऊन. समासात त्याने लिहिलं, 'ऊन कुठून?' पान बारावर चौकीदार डावखुरा, पुढे उजव्या हाताने कुलूप उघडतो. खूण. एका बाईचं वय दोन पानांत तीन वर्षांनी वाढलं. खूण.

चाळिसाव्या पानाला त्याने सवयीने चिठ्ठीवर नाव लिहिलं. शंभराव्या पानाला ते खोडून दुसरं लिहिलं. दोनशे पाचाव्या पानावर तो वाचता वाचता उभा राहिला.

"अहो, काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. पाय आखडला."

दोन्ही नावं चुकली होती. दादाने त्याला पार फसवलं होतं. आणि लबाडीने नाही. सगळं समोर मांडून ठेवलेलं होतं. ज्यांना तो चुका समजला त्यांतल्या पाच चुका नव्हत्याच, त्याच खुन्याकडे बोट दाखवणाऱ्या खुणा होत्या. चौकीदाराचा हात त्यांतलाच. बाइंडरने खोडरबर घेतला, पाचही ठिकाणच्या पेन्सिलीच्या खुणा पुसल्या, यादीतल्या पाच ओळी काढल्या आणि यादी पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढली. एकशे त्रेचाळीसच्या एकशे अडतीस झाल्या. चिठ्ठी त्याने चुरगाळून टाकली. एकतिसावर बत्तिसावं पाकीट चढलं नाही, हे जगात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ते तसंच राहू दे, असं त्याला वाटलं. एवढंच वाटलं. त्यात दादाचं वाईट चिंतलेलं काही नव्हतं.

रविवारी त्याने गठ्ठा टेबलावर ठेवला. वर यादी.

दादाने यादी वाचली. बोट ओळीवरून फिरवत, शेवटपर्यंत. मग गठ्ठा उचलून बघितला, कडेला, पाठीला.

"बांधली नाहीस?"

"शिवल्यावर पान बदलता येत नाही," बाइंडर म्हणाला.

तळघरात या वाक्याला एकच अर्थ होता. आधी काम पुरं कर, मग मी असा पक्का बांधतो की तुझ्या नातवंडांच्या हातात सुटणार नाही. अर्धवट माल तो कुणाचाच बांधत नसे. सख्ख्या भावाचा तर नाहीच. हे सगळं त्या पाच शब्दांत आलं, अशी त्याची समजूत होती.

"कशी वाटली, भावोजी?" वहिनींनी कप ठेवता ठेवता विचारलं. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. चार वर्षं त्यांनी हे पेन चालताना ऐकलं होतं.

दादा यादी घडी करत होता. मान वर केली नाही, पण हात थांबले.

"दुरुस्त केली तर होईल बरी," बाइंडर म्हणाला.

"बरं," दादा म्हणाला.

भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. दादा पुढच्या रविवारी म्हणाला, डोळ्यांना त्रास होतो, काही दिवस पुस्तकं नकोत. मग त्याच्या पुढच्या रविवारी त्याचं कुठेतरी काम निघालं. घरच्या कार्यात दोघं शेजारी बसायचे, तब्येतीचं विचारायचे, निघताना वहिनी "येत जा हो" म्हणायच्या. पुस्तकांच्या मागच्या कागदांवर नळवाल्याची सही दिसेनाशी झाली. वाचणारे काउंटरवर विचारायला लागले, वारला की काय? बाइंडरनेही पाकीट ठेवणं बंद केलं. बाईंनी कारण विचारलं तेव्हा त्याने दादाचंच वाक्य वापरलं, डोळे. हळूहळू तोसुद्धा फर्मे जुळवताना पानाच्या तळाचा आकडा तेवढा बघायला लागला. काम तेवढ्यानेही होत होतंच. दिवसाला चार.

अशी अकरा वर्षं गेली. बाइंडरच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हा एका दुपारी काउंटरवाल्या बाई स्वतः जिना उतरून तळघरात आल्या. एरवी त्या येत नसत, खळीच्या वासाने त्यांना शिंका यायच्या.

"हे बघा हो. परत आलेल्या पुस्तकात खूण म्हणून घातलं होतं."

कागदाच्या एका बाजूला स्वयंपाकघराच्या भिंतीची आकृती होती. पाइप कुठून शिरतो, कुठे वळतो, जमिनीपासून किती उंचीवर. खाली ठळक अक्षरात, 'या रेषेवर खिळा मारू नये.' बाईंनी कागद उलटला. मागे निळ्या शाईचं हस्ताक्षर होतं, वर आकडा सत्त्याऐंशी, आणि समासात पेन्सिलीने, बाइंडरच्याच अक्षरात, 'ऊन कुठून?'

"चौकीदार टाकीवर चढतो, झाकणाला हात घालतो आणि पान संपलं!" बाई म्हणाल्या. "आत काय आहे?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काय करायचंय म्हणजे? सकाळपासून माझं कामात लक्ष नाही. कुणाचं आहे हे? कुठल्या पुस्तकातलं?"

बाइंडरने हात पुसले, कागद घेतला आणि घड्याळाकडे न बघता निघाला. अडतीस वर्षांत तो पहिल्यांदाच वेळेआधी बाहेर पडला.

दादा फिरायला गेला होता. वहिनींनी कागद बघितला आणि ओळखला.

"कपाटात नुसता पडून काय करायचा म्हणाले. कागद चांगला आहे, भावाने दिलेला आहे. मग नवं काम केलं की एका पानामागे पाइपाची लाइन काढून त्या घरी द्यायचे. म्हणजे भिंत फोडायची वेळ आली तर बघता येईल."

"सगळी पानं?"

"शेवटचं गेल्या वर्षी गेलं. काम सोडलं तेव्हा."

बाइंडर खुर्चीवर बसला. "त्याने फेकून दिली, वहिनी."

"फेकली कशी? लोकांनी जपून ठेवलीत. तुम्हीच म्हणाला होतात ना, बांधण्यासारखी नाही."

"मी असं म्हणालो नव्हतो. शिवल्यावर पान बदलता येत नाही, असं म्हणालो."

"मग त्याचा अर्थ काय होतो?" वहिनींनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

तळघरात जे वाक्य उभं राहायचं, ते या स्वयंपाकघरात आडवं पडलेलं होतं.

दादाच्या कामाची एक वही होती, कुठल्या घरी कधी काय केलं याची. वहिनींनी ती काढून दिली. त्या रविवारपासून बाइंडरने दारं वाजवायला सुरुवात केली. त्याने ठरवलं होतं, पानं गोळा करायची, उरलेलं दादाकडून लिहून घ्यायचं आणि दादाच्या हयातीत ते पुस्तक बांधायचं. दादा पासष्ट वर्षांचा होता. धडधाकट होता, पण उजव्या हाताची बोटं आता पुरती मिटत नव्हती. जन्मभर पान्हा आवळल्याचं फळ.

"कोण?"

"नळवाल्याचा भाऊ."

"देवासारखे आलात! मोरीतला नळ बघा जरा."

"मी बाइंडर आहे."

"मग उपयोग काय तुमचा?"

पण त्याने "दादाला तो कागद पाहिजे" असं म्हटलं की लोक लगेच शोधायला लागायचे. दादाने मागितलाय म्हणजे कारण असेल. कागद मीटरच्या डब्यात होते, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते, घराच्या कागदपत्रांत होते. एका शिंप्याने मापाच्या वहीत ठेवला होता. एका डॉक्टरने काचेखाली. निम्म्याहून जास्त घरांत हरवले होते, घर बदलताना गेले होते, भिजले होते. दोन महिन्यांत एकसष्ट पानं जमली.

आणि त्याला एक गोष्ट कळली, जी त्याच्या मनातही आली नव्हती. लोकांनी मागची बाजू वाचली होती. पुस्तक कधी हातात न धरणाऱ्यांनीही. कागद घरात आहे, रोज दार उघडलं की दिसतो, माणूस वाचणारच. डॉक्टरला त्याचं पान तोंडपाठ होतं. दोन शेजारणींना कळलं की त्यांची पानं लागोपाठची आहेत, तेव्हा त्यांनी ती एकमेकींना वाचून दाखवली होती. एका निवृत्त नर्सने तर लिहिलेली बाजूच बाहेर ठेवून पान भिंतीला लावलं होतं.

"मी विचारलं होतं तुमच्या भावाला," ती म्हणाली. "म्हटलं, गच्चीवर कुणी ढकललं ते तरी सांगा. हसायला लागले. म्हणाले, माझ्या भावाला विचारा. सगळी वाचलेला जगात तेवढा एकच माणूस आहे." तिने चष्मा वर सरकवला. "तुम्हीच ना ते? मग सांगा."

बाइंडरने पान घडी न करता पुठ्ठ्यात ठेवलं. "येतो," म्हणाला आणि जिना उतरला.

पुढच्या रविवारी तो दादाकडे गेला. टेबल पुसून घेतलं आणि एकसष्ट पानं आकड्यांच्या क्रमाने मांडली, लिहिलेली बाजू वर. दादा आला, बसला, आणि एकेक पान उलटं करून बघायला लागला. त्याने शाईकडे बघितलंच नाही. पाइपांकडे बघितलं.

"हे कोपऱ्यावरच्या दवाखान्याचं. फार त्रास दिला या भिंतीने. हे शिंप्याचं. हे कुठलं? हां, तिसरा मजला. इथं जुनी लाइन तशीच सोडली होती." त्याने वर बघितलं. "ही तुझ्याकडे कशी?"

"मागून आणली. तुझं नाव सांगून."

"मी कधी मागितली?"

"दादा, आधी माझं ऐक." बाइंडर उभाच होता. हे वाक्य तो दोन महिने दारोदार फिरताना मनात जुळवत होता. "मला खुनी ओळखता आला नव्हता. दोनदा नाव लिहिलं, दोनदा चुकलं. तू मला फसवलंस. एकतीस पुस्तकांत कुणाला जमलं नाही ते तुला जमलं. मी ते तेव्हा बोललो नाही."

दादाने हातातलं पान खाली ठेवलं.

"माहितीय."

"काय माहितीय?"

"पाच ठिकाणी खोडलं होतंस. चौकीदाराच्या हातापाशी, आणि आणखी चार. कागदावर पेन्सिलीचा दाब उमटतो, बारक्या, तू दाबून लिहितोस. उजेडात धरलं की दिसतं. मला त्याच दिवशी कळलं, तू पुरता फसलास." तो जरा हसला. "लई बरं वाटलं होतं."

"मग?"

"मग काय? वाट बघितली. म्हटलं, आता हा तोंडानं सांगेल. त्या रविवारी नाही तर पुढच्या. महिनाभर बघितली." त्याने न मिटणारी बोटं दुसऱ्या हाताने दाबली. "खोडरबरानं कौतुक होत नाही रे."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

"पुन्हा लिही," बाइंडर म्हणाला. "मधली पानं सांग, मी लिहून घेतो. तुझ्या हाताला त्रास नको. मी बांधतो. असा बांधतो की…"

"मला आता आठवत नाही सगळं. तू सांग. तू वाचलीयस."

"मी?"

"सांग ना. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर काय होतं?"

बाइंडरने डोळे मिटले. आठवलं. "अठ्ठ्याऐंशीव्या पानावर जिन्याच्या पायऱ्या बावीस आहेत. आधी अठरा म्हटलं होतंस."

"आणि नव्वदवर?"

"नव्वदवर हिशेबनिसाच्या बायकोचं वय."

"ती काय म्हणते तिथं?"

ती काहीतरी म्हणते, आणि ते वाचताना त्याने पेन्सिल खाली ठेवली होती, हे त्याला आठवत होतं. काय म्हणते, ते आठवत नव्हतं. एकशे अडतीस चुका त्याला ओळीने पाठ होत्या. त्यांच्या मधलं सगळं गेलं होतं. शेवट ठाऊक होता, पण तिथवर नेणारा रस्ता नव्हता.

"असू दे," दादा म्हणाला. तो चिडलेला नव्हता, हेच बाइंडरला झेपेना. "दुसरी होती माझ्या डोक्यात. त्याच महिन्यात सुचली होती. पहिलीपेक्षा चांगली."

"कशाची होती?"

दादाने विचार केला. बराच वेळ, डोळे बारीक करून, भिंतीतला पाइप शोधावा तसा. "एक बाई होती," तो म्हणाला. "आणि दोन किल्ल्या." मग मान हलवली. "नाही. गेलं."

त्याने पानं गोळा केली, टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या आणि गठ्ठा भावाकडे सरकवला.

"ज्याचं त्याला परत दे. लाइन कुठून गेलीय ते याच्यावरच आहे. उद्या कुणी खिळा मारला, पाइप फुटला, तर भिंत कुठं फोडायची कळायचं नाही लोकांना. माझं काम आहे ते."

"आणि मागची बाजू?"

"ती कुणाच्या कामाची?"

बाइंडरने गठ्ठा घरी नेला. परत करायच्या आधी त्याने सगळी पानं नकलून घेतली. नऊ दिवस लागले. घाई करता येत नव्हती, अक्षर दादाचं होतं. चूक आली की हात पेन्सिलीकडे जायचा, तो परत आणायला लागायचा. उत्तरेच्या खिडकीतून सकाळचं ऊन आलं तेव्हा त्याने ते येऊ दिलं. समासातल्या स्वतःच्या खुणा उतरवल्या नाहीत. मूळ कागदावरच्या पुसाव्यात असंही त्याला वाटलं होतं. पण पुसून काय होतं ते त्याने बघितलं होतं.

मग तीन रविवार तो पुन्हा तीच दारं वाजवत फिरला. "झालं का दादांचं काम?" लोक विचारायचे. "झालं," तो म्हणायचा. नर्सच्या घरी कुलूप होतं. तिचं पान त्याने पाकिटात घालून दाराखालून आत सरकवलं.

चौथ्या रविवारी हातात काही नव्हतं तरी तो दादाकडे गेला. दादा खिडकीशी बसला होता. याने खुर्ची ओढली.

"दिलीस सगळी?"

"दिली."

बाहेर कुणीतरी स्कूटर पुसत होतं. दोघं ते बघत बसले. आतून भांड्यांचा आवाज आला आणि थांबला.

"हल्ली काय वाचतोयस?" दादाने विचारलं.

बाइंडरने खूप आठवून बघितलं. खोटं बोलायचं नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला. "तू?"

"मीपण नाही," दादा म्हणाला.